सांगणे, सांगू नये

लिफ्ट आली, दार उघडून क्षणभर थांबली, आणि अमृत आत शिरत नाही म्हटल्यावर दार मिटून तशीच खाली निघून गेली. तो सातव्या मजल्यावर भाजीची रिकामी पिशवी काखेत धरून, मोबाइलच्या काचेवर दोन बोटं फाकवत उभा होता. गावाकडून, डिंगोऱ्याहून, पप्पूनं एक फोटो पाठवला होता. पप्पू म्हणजे चुलतभावाचा, चांगदेवआप्पाचा मुलगा. जमिनीच्या वाटपासाठी वारसांचं प्रतिज्ञापत्र करायचं चाललं होतं, त्यासाठी त्यानं तहसील कचेरीतून १९५८ सालचा फेरफार काढला होता. आजोबा भिका वारल्यावर तलाठ्यानं वारसांची केलेली नोंद. खाली पप्पूचा निरोप होता, की काका, आप्पा म्हणतात हाच मजकूर पुढं लिहायचा, सोमवारी सहीला या. अमृतनं फोटो मोठा केला. पिवळ्या कागदावरचं वळणदार, घाईचं अक्षर होतं. 'वारस मुलगा सोपान, मुलगा गेणू. मयतास मुलगी प्रयागबाई, ही लढाईत नर्स म्हणून गेली ती परत आली नाही. ठावठिकाणा नाही. वर्दी खरी.' त्याखाली दोन सह्या होत्या. एक सोपानकाकाचा अंगठा. दुसरी, ण चा काना खाली लांब ओढलेली, चौथी शिकलेल्या माणसाची सावकाश सही. गेणू भिका, दस्तुरखुद्द. त्याच्या बापाची. लिफ्ट पुन्हा वर आली. शेजारची शाळकरी आरोही आत उभी होती. "काका, येताय ना?" तिनं विचारलं. तो नाही म्हणाला, की मान हलवली, की काहीच केलं नाही, हे त्याला नंतर आठवेना. भोसरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरमध्ये काढून मागच्या वर्षी निवृत्त झालेला हा माणूस, कागदावरचं आणि फळीवरचं जुळतं का एवढंच आयुष्यभर पाहत आलेला. आणि आता कागदावर लिहिलं होतं की प्रयागबाई परत आली नाही. प्रयागबाई, नर्स. त्या दोन शब्दांपाशी त्याचं बोट थांबलं, कारण ते दोन शब्द ह्याच क्रमानं त्यानं ह्यापूर्वी वाचले होते, फेरफार लिहिला गेल्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी, जुन्नरमध्ये, एका दारावर.

रविवारचा जुन्नरचा बाजार. तो पाच-सहा वर्षांचा असेल. डिंगोऱ्याहून एसटीनं पाऊण तास, आणि उतरल्यावर बाप त्याला बाजारात न नेता आधी कल्हईवाल्यांच्या गल्लीत न्यायचा. खाली भट्टी असायची, नवसागराचा पांढरा धूर नाकात झोंबायचा, तांब्याच्या पातेल्याच्या पोटात कथिल फिरवलं की चंद्र उगवल्यासारखं पांढरं व्हायचं. मग अंधारा लाकडी जिना. चढताना धुराचा वास मागं पडत जायचा आणि वरून स्पिरिटचा वास खाली यायला लागायचा, आणि मधल्या एका पायरीवर ते दोन्ही वास एकमेकांत मिसळायचे. त्या पायरीवर त्याला दर वेळी थोडं मळमळायचं. वर दारावर पत्र्याची पाटी होती. त्यानं आयुष्यात वाचलेलं पहिलं जोडाक्षर म्हणजे त्या पाटीवरचा 'प्र'. आत पांढऱ्या साडीतली उंच, रुंद मनगटांची बाई. ती त्याची नखं बघायची, खालची पापणी ओढायची आणि म्हणायची, "गेणू, ह्याच्यात रक्त कमी हाये. शेंगदाणं-गूळ दे रोज." बाप खाली जमिनीवर मांडी घालून बसलेला असायचा. घरी हा माणूस दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत नसे. इथं आला की बोलत सुटायचा, गाय कधी व्यालीये, विहिरीला पाणी किती आहे, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. आणि सगळं जुन्नर जिला 'अहो बाई' म्हणायचं तिला बाप म्हणायचा, "बाई, तू जेवली का?" हे 'तू' अमृतच्या कानाला तेव्हाही लागलं होतं. डिंगोऱ्यात थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण बापाला बहीण आहे हेच माहीत नसल्यावर त्या बाईचा अर्थ लागायचा कसा? एकदा तिनं त्याला इंजेक्शन दिलं, तेव्हा तो तिच्या मनगटाला कडकडून चावला. बापानं हात उगारला. ती हसली, म्हणाली, "मारू नको. दात चांगलं हायेत, एवढं तरी कळलं." घरून निघताना आई एका फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि मासवड्या बांधून द्यायची. "त्यांना दे," एवढंच म्हणायची. कुणाला, ते कधी नाही.

मग तो तेरा वर्षांचा झाला, आणि बाप आडवारी, भर दुपारी जुन्नरहून आला, घरात न शिरता विहिरीवर गेला, अंगावर बादल्या ओतून घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं डोकं तुळतुळीत केलं. दहा दिवस घोंगडीवर, जमिनीवर निजला. कुणी विचारलं तर म्हणायचा, नवस व्हता. शाळेत एक पोरगा अमृतला म्हणाला, "तुझ्या बापाची जुन्नरची बाई मेली म्हणं." एवढंच. पण त्या वाक्यानं सहा-सात वर्षांचे सगळे रविवार एकदम उलटे झाले. ते 'तू', ती बडबड, ती मांडी घालून बसण्यातली सैल सुखाची पाठ, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आईचं ते फडकं. आपल्या आईला हा माणूस तिच्यासाठी मासवड्या थापायला लावत होता. त्या दिवसापासून अमृतनं बापाला आबा म्हणणं सोडलं. काही म्हणणंच सोडलं. विचारलं तर उत्तर द्यायचं, तेही आईकडं बघून. सोळाव्या वर्षी आयटीआयला म्हणून पुण्याला आला आणि पुन्हा राहायला म्हणून कधी गेला नाही. बाप २००९ साली गेला, तेव्हा सगळे विधी त्यानं नीट, यादी करून केल्यासारखे केले. डोळ्यांतून पाणी आलं नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाचा आहे. आईही मागोमाग गेली. आता सातव्या मजल्यावर, बंद लिफ्टच्या दारासमोर, त्याला पहिल्यांदा वाटलं की घट्ट काही नव्हतं, नुसतं चुकीच्या फळीवर ठेवलेलं होतं.

तो पिशवी घेऊन तसाच घरात आला. बायकोनं, मोहिनीनं, पिशवीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला आणि जे काय सांगायचं ते सांगितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात बापाच्या त्या 'बाई'बद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. मोहिनी ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे तुमच्या आत्या." हा शब्द त्याच्या डोक्यात अजून आला नव्हता. "पण मग आबांनी अशी सही का केली?" तिनं विचारलं. हाच प्रश्न होता. एका हातानं लिहून द्यायचं की ठावठिकाणा नाही, आणि त्याच हातानं दर रविवारी भाकरी पोचवायच्या. त्यात खरा बाप कुठला? आणि सोमवारी आपण त्याच मजकुराखाली सही केली तर आपण कोण?

गुरुवारी तो जुन्नरला गेला. गल्ली अरुंद झाल्यासारखी वाटली, मोटारसायकली दोन्ही अंगांना लावलेल्या. भट्टी नव्हती. त्या जागी पत्र्याच्या पेट्यांचं आणि डब्यांचं दुकान होतं, आणि आत चष्मा कपाळावर चढवून बसलेला साठी ओलांडलेला माणूस पेटीला कडी ठोकत होता. महंमद हनीफ. अमृतनं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि पुढं काय विचारावं म्हणून थांबला. हनीफनं हातोडी खाली ठेवली. "गेणूमामांचा मुलगा? म्हंजे तो चावणारा?" आणि दुकानाच्या मागच्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं ओरडला, "अम्मा! आपाचा भाचा आलाय!" आपा म्हणजे थोरली बहीण; ह्या घरात प्रयागबाईला तेच म्हणत. त्या हाकेनं अमृतला काय झालं ते त्याला नीट सांगता आलं नसतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणीतरी त्याला एका नव्या नात्यानं, भर बाजारात, हाक मारून जाहीर केलं होतं. बायको-मुलं, पेन्शन, गुडघेदुखी असलेला हा माणूस कुणाचा तरी भाचा होता.

जहाँआरा, हनीफची आई, सत्त्याऐंशी वर्षांची, खिडकीपाशी पलंगावर बसली होती. तिनं अमृतला जवळ बोलावलं, हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडं वळवला. "नाक गेणूभाऊचं. कपाळ आपाचं," ती म्हणाली. "बस. लई उशीर केला रे." ती सावकाश बोलायची, मधेच हिंदीत शिरायची, पुन्हा मराठीत यायची. प्रयाग बाराव्या वर्षी लग्न होऊन चौदाव्या वर्षी विधवा झाली होती. माहेरी राबायला परत आली, तर तिच्या बापानं, भिकानं, गुपचूप तिला पुण्याला दवाखान्यात काम शिकायला धाडलं. सोपान त्या दिवसापासून बापाशी अबोला धरून होता. मग लढाई लागली आणि ती लष्कराच्या नर्सांत गेली. आसामात, बांबूच्या तट्ट्यांच्या दवाखान्यात, ब्रह्मदेशातून आणलेली माणसं तिच्यासमोर मांडली जायची. "माझा मोठा दीर दाऊद, तिच्या हातात गेला," जहाँआरा म्हणाली. "लढाई संपल्यावर ती हितं आली, सासूला सांगायला. तुमचा दाऊद असा असा गेला, त्रास झाला नाय, तुमचं नाव घेतलं. सासू म्हणली, बेटी, एक दिवस राहा. माझ्या पोराला तू शेवटचं पाह्यलं, तुला मी बघते." जहाँआरा थोडं हसली. "एक दिवस म्हणता तेहेतीस वर्षं राहिली."

त्याच्या आधी ती डिंगोऱ्याला गेली होती का? अमृतनं विचारलं. गेली होती. सोपाननं ओसरीची पायरी चढू दिली नाही. परमुलखात सोजिरांत राहिलेली बाई, कुणाकुणाचं रक्त हाताला लागलेली, घरात नको. बाप भिका खाटेवर आजारी, त्याला ती आल्याचं कळूही दिलं नाही. गेणू तेव्हा सोळा वर्षांचा. तो तिच्या मागं मागं वेशीपर्यंत चालत आला, आणि पुढच्या रविवारी जुन्नरच्या बाजारात तिला शोधत आला. "तवापासून एक रविवार चुकवला नाय," जहाँआरा म्हणाली. "आणि सही?" अमृत म्हणाला. म्हातारीनं जिन्याकडं बोट केलं. "मी नवी नवरी. चहा घेऊन उभी व्हते. गेणूभाऊ त्या जिन्यात बसून रडत व्हता, मोठा बाप्या. सोपान म्हणला, सही कर, न्हायतर घरातून बायकोला घेऊन बाहेर हो. आपा वरून खाली आली, त्याच्या वरच्या पायरीवर बसली. म्हणली, कर सही. मला जमीन कशाला? मी काय औत धरनार हाये? फक्त रविवार चुकवू नको." तिनं पदरानं ओठ पुसले. "खोटं लिहून दिलं म्हणून तो जन्मभर भ्यायचा. सरकार पकडंल म्हणायचा. म्हणून तुमाला पोरांना सांगितलं नाय, पोरं बोलतात. तुझी आई आली व्हती दोन-तीनदा, तिला सगळं ठाऊक. ती म्हणायची, अमृत मोठा झाला की सांगू. मग तू मोठा झाला, तर बोलायचाच नाय म्हणं."

अमृत उठून उगाच भिंतीकडं गेला. तिथं जुनं लाकडी कपाट होतं. हनीफनं त्याचं दार उघडून आतली बाजू दाखवली. पेन्सिलीनं, बारीक टोकदार अक्षरात, घरातल्या प्रत्येक मुलाचा जन्म तिथं लिहिलेला होता, वार, वेळ, वजन. 'हनीफ, मंगळवार, पहाटे, पावणेसात पौंड, रडला उशिरा.' "आमच्या घराचं रेकॉर्ड," हनीफ म्हणाला. "माझ्या पोराचं, नुमानचं वजन मीच लिहिलं खाली, पण आपासारखं अक्षर नाय." मग त्यानं पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. त्याच्याच बापानं आपासाठी केलेली. आत एक फोटो होता, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेल्या पाच जणींचा, त्यांतली एक हसू दाबत होती. लष्करातून मोकळं केल्याचा कागद. जुन्नरच्या वर्षांच्या भेटींच्या सात-आठ वह्या. आणि सर्वांत तळाशी ओल लागून फुगलेली एक जाड वही. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारलेली होती. डाव्या बाजूला वर लिहिलं होतं 'सांगणे', उजव्या बाजूला 'सांगू नये'. पानागणिक एक माणूस, एक गाव. 'दाऊद, जुन्नर, कल्हईवाल्यांची गल्ली. सांगणे: आईचं नाव घेतलं. त्रास झाला नाही. सांगू नये: झाला. दोन दिवस.' 'किसन रामजी, लोणी. सांगणे: ढवळ्या बैल विकू नका. सांगू नये: शेवटी डोळे नव्हते. मीच आई आहे असं समजून हात धरला. मी हो म्हटलं.' अशी एकोणतीस पानं. एकोणतीस घरं ती पायी, एसटी नव्हती तेव्हाच्या दिवसांत, बैलगाडीनं, जिथं जे मिळेल त्यानं हिंडली होती. अमृत उभ्यानं वाचत राहिला. मधेच त्याच्या लक्षात आलं की आपण वाचत नाही आहोत, नुसते त्या अक्षरावरून बोट फिरवतो आहोत.

हनीफ त्याला नगरपालिकेत घेऊन गेला. मृत्यूच्या नोंदीचं जुनं पुस्तक निघायला दोन तास लागले, कारण कारकुनाला साल सांगितलं तरी महिना सांगता येईना. मग अमृतला आठवलं, बापानं विहिरीवर बादल्या ओतल्या तेव्हा शेजारी भुईमूग काढायचा चालला होता, आणि त्या हिशेबानं दसऱ्याच्या आसपासची पानं उलटल्यावर ती सापडली. प्रयागबाई भिका, वय साठ, नर्स. शेवटच्या रकान्यात, खबर देणाऱ्याचं नाव आणि नातं. गेणू भिका, सख्खा भाऊ. तीच सही. ण चा काना इथं आणखी लांब गेलेला. आयुष्यभर सरकारला भ्यालेला माणूस ह्या खिडकीपाशी उभा राहून, विचारलं तर पकडले जाऊ हे माहीत असून, सख्खा हा शब्द लिहून गेला होता. "खांदा आमी दिला," हनीफ म्हणाला. "मी, माझे अब्बा, गल्लीतले दोघं. अग्नी मामांनी दिला. मला म्हणले, आता मी कुठं येऊ रे रविवारी? तरी यायचे. खाली दुकानात बसायचे."

ती जाड वही आणि जुन्नरच्या भेटींच्या वह्या जहाँआरानं त्याच्याकडं दिल्या. घरी परतताना मंचरवरून पुढं येऊन त्यानं गाडी लोणीच्या रस्त्याला वळवली. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. बटाट्याची शेतं, पत्र्याच्या शेड, दुपारची सुस्त वस्ती. किसन रामजीचं घर विचारत विचारत सापडलं. पुतण्या होता, सत्तरीपुढचा, लसणीच्या जुड्या बांधत बसलेला. लढाईतला किसन म्हटल्यावर त्यानं आधी पाणी दिलं, मग म्हणाला, "आमच्या आजीनं सांगितलेलं हाय. एक नर्सबाई आलती. तीन दिवस राहिली. आजीनं चूल पेटवायची सोडली व्हती, तर तिनं पेटवली. आजीला न्हाऊ घातलं. आन् सांगितलं, किसननं बैल विकू नका म्हणून सांगितलंय. पावणं, तो ढवळ्या म्हातारा होऊन गोठ्यात मेला, पन आजीनं विकला न्हाई." अमृतनं वही काढली, पान उघडलं, आणि त्याच्या समोर धरलं. धरताना त्याचा अंगठा आपोआप उजव्या बाजूवर गेला. म्हाताऱ्यानं डावीकडचं अक्षर अक्षर लावून वाचलं. मग रेघेकडं पाहिलं. "तिकडं काय लिवलंय?" अमृत म्हणाला, "काही नाही. औषधांची नावं आहेत." हे वाक्य इतकं सहज, इतकं मऊ त्याच्या तोंडून गेलं, की गाडीत बसल्यावर तो बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिला. मग त्याला रडू आलं. सोळा वर्षं उशिरा, लोणीच्या एका बटाट्याच्या बांधाला, आबा आबा म्हणत, काच वर करून.

रविवारी तो डिंगोऱ्याला गेला. चांगदेव ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता, सहासष्ट वर्षांचा, भारदस्त, सरपंचकी करून झालेला. अमृतनं मृत्यूच्या नोंदीची नक्कल त्याच्या हातात दिली आणि थोडक्यात सांगितलं. चांगदेवचा चेहरा तापत गेला. "आरं, जुनं उकरून काय मिळनार राव? सगळं सरळ चाललंय. बेपत्ता लिवलंय, बेपत्ता लिवायचं, दोन सह्या, मिटलं." अमृत म्हणाला, "ती बेपत्ता नव्हती, आप्पा. इथून पाऊण तासावर होती." चांगदेवनं कागद पालथा करून मांडीवर ठेवला. "म्हंजे माझा बाप खोटा व्हता, असं सोमवारी तहसीलात जाऊन सांगू? मेलेल्या मानसाला?" "माझ्या बापाचीही सही आहे खाली," अमृत म्हणाला. "मी कुणाला खोटं म्हणत नाही." आत पप्पूची मुलगी श्रेया मोठ्यानं पाढे म्हणत होती. मग अमृतनं पिशवीतून दुसरी वही काढली. ती लढाईची नव्हती, जुन्नरच्या भेटींची होती, १९६६ सालची. त्यानं रात्री घरी चाळताना ते पान पाहिलं होतं, आणि आणावं की नाही ह्यावर सकाळपर्यंत ठरवू शकला नव्हता. त्यानं चष्मा लावला आणि वाचलं. "डिंगोरे. चांगदेव सोपान, वय सात. विषमज्वर. ताप एकशेचार. पडवीत राहिले. दिवस दुसरा. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, साखर-मिठाचं पाणी चमच्यानं. दिवस चौथा. ओळखत नाही. सोपान बाहेर बसून आहे, जेवला नाही, त्याला दूध पाजलं. दिवस सहावा. ताप एकशेदोन. भाकरी मागितली, दिली नाही, रडला, रडू दिलं. दिवस नववा. ताप नाही. निघाले. सोपाननं स्टँडपर्यंत पिशवी धरली."

चांगदेवनं खुर्ची मागं सारली. उठला, गोठ्याकडं गेला. अमृतला तो गव्हाणीपाशी पाठमोरा उभा दिसत होता, म्हशीच्या पाठीवर हात टेकवून. श्रेयाचे पाढे सतराच्या पाढ्यापाशी अडखळले, पुन्हा मागून सुरू झाले. परत आला तेव्हा चांगदेवचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीसारखाच दणकट होता. "गार हात व्हता," तो म्हणाला. "कपाळावर. मला वाटायचं, ते तापात सपान पडलेलं. आय म्हणायची, देवी आलती. मी आजवर देवीच म्हणत आलो." तो खुर्चीत बसला, मग पुन्हा उठला, कारण त्याला बसवेना. "बानं जाऊन आणली म्हन तिला?" अमृतनं जहाँआराकडून ऐकलेलं सांगितलं, की सोपान गल्लीत उभा राहिला, जिना चढला नाही, खालूनच 'परयाग' अशी एकच हाक मारली, आणि ती जेवणाच्या ताटावरून उठून पिशवी घेऊन खाली आली. चांगदेव ऐकत होता आणि मान हलवत होता, नाही म्हणून नव्हे, नुसताच. "एवढं व्हऊन पुन्यांदा घरात न्हाई घेतली," तो शेवटी म्हणाला. अमृतनं वही मिटली. तो म्हणाला, "पिशवी धरली."

सोमवारी तहसील कचेरीबाहेर, पत्र्याच्या टपरीत, प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या माणसासमोर दोघं बाकड्यावर बसले. गर्दी होती, कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा होता, कुणाला जातीचा. टाइप करणाऱ्यानं पप्पूनं आधी पाठवलेला मसुदा काढला आणि भराभर वाचून दाखवायला लागला. प्रयागबाईच्या ओळीपाशी तो आला, 'ठावठिकाणा नाही' म्हणाला आणि पुढं सरकणार, तेवढ्यात चांगदेवनं टेबलावर तळहात ठेवला. "ते खोडा." अमृतनं नक्कल पुढं सरकवली. त्या माणसानं ती पाहिली, चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं. "मयत, निःसंतान. असं लिहितो. सोपं पडतं हे. नातं काय तुमचं त्यांच्याशी?" अमृतनं तोंड उघडलं. तो शब्द त्यानं कधी कुणासाठी उच्चारला नव्हता, दुसऱ्यांच्या घरातून ऐकलेला, दिवाळीत दुसऱ्यांना ओवाळणाऱ्या, दुसऱ्यांच्या मुलांना झबली आणणाऱ्या बायकांचा शब्द. "आत्या," तो म्हणाला. आणि चांगदेवनंही, जरा मागून, तेच म्हटलं, जणू वर्गात हजेरी देत असावा. टाइप करणाऱ्यानं बोटं चालवली. "धंदा?" "नर्स," अमृत म्हणाला. "कुठं?" अमृत आसामचं, लष्कराचं काही सांगायला लागला, पण चांगदेवनं त्याला हातानं थांबवलं. "आदी लढाईत," तो म्हणाला, "आन् मंग आमच्या पडवीत. नऊ दिवस." त्या माणसानं हात उचलून खांदे उडवले. "अहो, एवढं बसत नाही त्या रकान्यात." चांगदेव बाकड्यावरून पुढं वाकला, आणि सरपंच असताना ग्रामसभेत बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "मग रकाना मोठा करा की राव."